चिनुक वावा: सौद्याची बोली, कराराची बोली

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाशी राहणाऱ्या चिनुक लोकांचे नाव एका मिश्र व्यापारी बोलीला मिळाले. ती चिनुक वावा. एकोणिसाव्या शतकात ती ऑरेगनपासून अलास्कापर्यंत पोचली. तिचा पाया चिनुक भाषेचा. त्यात उत्तरेकडची नूटका आणि शेजारच्या सॅलिश भाषा मिसळल्या, फर कंपन्यांबरोबर फ्रेंच आणि इंग्रजी शब्द आले. गोरे येण्यापूर्वीच ती होती की त्यांच्या जहाजांमुळे घडली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मूळ चिनुक क्रियापदात कर्ता, कर्म असे सगळेच एका शब्दात मावते. बोलीने हा डोलारा उतरवून ठेवला आणि काहीशे शब्दांवर भागवले. अमेरिकी माणूस तीत ‘बॉस्टन’ झाला, कारण त्यांची पुष्कळ जहाजे त्या बंदरातली.

एवढ्या भांडवलावर सौदा होतो, कारण माल समोर असतो. कातड्याकडे, घोंगडीकडे बोट दाखवता येते. भाव पटला नाही तर उठून जाता येते. कायमची जमीन सोडण्याच्या बोलण्यात यांतले काहीच नसते. तरीही २६ डिसेंबर १८५४ रोजी मेडिसिन क्रीकच्या काठी वॉशिंग्टन प्रदेशाचे गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी निस्क्वाली, पुयालप आदी लोकांशी केलेला करार याच बोलीतून समजावला गेला. मसुदा इंग्रजी, दुभाषा तो चिनुक वावात सांगे, मग तो स्थानिक भाषांत जाई. मालकी, हक्क, ‘सर्व नागरिकांबरोबर समाईक’ मासेमारी या कल्पना त्या चाळणीतून किती उतरल्या असतील? ही सोय सरकारची होती. गैरसमजाची किंमत मात्र दुसऱ्या बाजूने मोजली. १९७४ मध्ये मासेमारीच्या याच हक्काच्या खटल्यात न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी बोलीची ही मर्यादा नोंदवली आणि करारातल्या जमातींना पकडण्याजोग्या माशांच्या निम्म्या वाट्याचा हक्क दिला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यतः कायम ठेवला.

पण सगळा दोष बोलीच्या माथी मारता येत नाही. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १८९०च्या सुमारास चिनुक भाषक चार्ल्स कल्टी यांच्याकडून चिनुक कथा टिपल्या, तेव्हा दोघांची समाईक भाषा हीच होती. तिथे घाई नव्हती, सहीही नव्हती. ऑरेगनमधल्या ग्रँड रोंड राखीव क्षेत्रात तर १८५६ पासून वेगवेगळ्या भाषांच्या जमाती एकत्र कोंबल्या गेल्या. घरोघरी हीच बोली चालू लागली, मुले तीत वाढली, तसे तिचे व्याकरणही भरत गेले. तिथल्या जमातीने २०१२ मध्ये तिचा शब्दकोश प्रसिद्ध केला. लहान मुलांना ती शाळेत शिकवली जाते.