वाढणे

मराठीत ‘वाढणे’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. झाड वाढते, मूल वाढते, घरभाडे वाढते. तशीच जेवणाची पानेही वाढतात. ‘पाने वाढली आहेत, चला’ अशी आतून हाक आली, की पुस्तकात डोके खुपसून बसलेले मूलही उठते. आणि नारळ फोडला तर तो आपण ‘वाढवला’ म्हणतो. हातातली बांगडी पिचली तर तीही ‘वाढवली’ म्हणतो. फुटणे, तुटणे हे शब्द शुभप्रसंगी तोंडात येऊ नयेत म्हणून जुन्या बायकांनी ही युक्ती काढली असावी. ते काही असो; मोठे होणे, मोडणे आणि दुसऱ्याच्या पानात घालणे या तीन गोष्टींना आपल्या भाषेने एकच शब्द पुरवला, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

आज हा शब्द आठवण्याचे कारण असे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कित्येक घरांत कॉलेजचे पहिले सत्र संपवून आलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. फराळाची ताटली पुढे असेल, आणि घरातले कोणी वडीलधारे म्हणेल, ‘कॉलेजात गेल्यापासून पोर बदललं हो!’ हे वाक्य कोणी कौतुकाने म्हणते, कोणी तक्रारीने. पुष्कळदा एकच माणूस सकाळी कौतुकाने आणि संध्याकाळी तक्रारीने म्हणतो. पण बदलले म्हणजे वाढले काय? आणि वाढले असेल, तर वर सांगितलेल्या तीन अर्थांपैकी कोणत्या अर्थाने?

मी स्वतः मॅट्रिक. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून मी चढलेलो नाही. परंतु शाळामास्तराला एक फायदा असतो. त्याने उंबरठ्यापर्यंत पोहोचवलेली मुले पुढे त्याला भेटायला येतात, आणि वर्षभरात त्यांच्यात काय फरक पडला हे त्याला घरच्यांपेक्षाही लवकर दिसते. शिंप्याला गिऱ्हाइकाचे मन कळत नसेल; पण जुन्या मापाचा सदरा कोठे तंग होऊ लागला, हे त्याला बरोबर कळते.

लालबाग-परळच्या चाळीतल्या मुलाचे जग एका खोलीचे आणि एका लांब गॅलरीचे असते. तेथे तो सदैव कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी पुतण्या असतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्याच्या आजोबांची गिरणी ठाऊक असते. हा मुलगा एके दिवशी करी रोडला किंवा चिंचपोकळीला गाडीत चढतो, आणि शेवटच्या स्टेशनावर उतरतो तो कोणाचाच नसतो. गिरगावातल्या मुलीला तर गाडीचीही गरज नाही. १८८९ सालापासून चौपाटीसमोर उभ्या असलेल्या विल्सन कॉलेजच्या इमारतीपर्यंत ती पायी जाते, आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत तितकीच दूर जाते. शाळेत घंटा होती, हजेरी होती, कान धरणारा मास्तर होता. येथे वर्गात न बसले तरी कोणी घरी निरोप पाठवत नाही. आणि कोणी प्राध्यापक सहज विचारतात, ‘तुमचे मत काय?’ आपल्याला मत असू शकते, ही बातमीच त्या मुलाला नवी असते.

ही वाढ खरी आहे. तिची थट्टा मी कधी करणार नाही. पण तिच्या जोडीने दुसरे काहीतरी येते, तेही पाहिले पाहिजे.

आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच पहिल्या वर्षाला गेला. वडील गिरणीच्या जागेवर उठलेल्या एका उंच इमारतीच्या फाटकावर पहारा करतात. मुलगा हुशार, स्वभावाने चांगला. दिवाळीपर्यंत तो वडिलांचे ‘नाय’ आणि ‘पानी’ दुरुस्त करू लागला. पुढच्या गणपतीत कॉलेजातले चार मित्र लालबागला आले. आईने मोदक करून ठेवले होते. मुलाने मित्रांना सगळे गणपती दाखवले आणि चाळीच्या कोपऱ्यावरूनच परत स्टेशनकडे वळवले. त्याचे वडील मला भेटले तेव्हा म्हणाले, ‘त्याचं बरोबर आहे, मास्तर. चार जणं बसायची कुठं?’ मुलाची लाज त्यांनी आपल्या अंगावर घेतली आणि तिला जागेच्या अडचणीचे नाव दिले.

यात त्या मुलाला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण खरे नाही. अठराव्या वर्षी माणसाला आपले घर पहिल्यांदाच दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसते. ते दिसणे हीसुद्धा वाढच आहे. फक्त त्या वेळी स्वतःचे डोळे मिटलेले असतात.

हा रोग जुना आहे. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूची गोष्ट आहे. बाराव्या वर्षी तो गुरुगृही गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परत आला, तो ताठ मानेने, स्वतःला मोठा पंडित समजत. बाप उद्दालक त्याच्यावर रागावला नाही. त्याने फक्त एक प्रश्न विचारला: जे कळले असता न ऐकलेलेही ऐकल्यासारखे होते, ते तू गुरूला विचारलेस का? मुलाला उत्तर आले नाही. मग बापाने त्याला वडाचे फळ फोडायला लावले, पाण्यात मीठ विरघळवायला लावले, आणि शिकवणी घरी पुन्हा सुरू झाली. श्वेतकेतू शिकला होता यात शंका नाही. पण त्याला वाढीबरोबर सूजही आली होती. वाढ आणि सूज दोन्हींनी अंगरखा तंग होतो, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. दाबून पाहिले की कळतो. उद्दालकाचा प्रश्न म्हणजे ते दाबून पाहणे होते.

परंतु एवढ्यावर थांबलो तर हा लेख म्हणजे मुलांना नम्रतेचा उपदेश होईल. आणि तो उपदेश बहुधा वरच्या पायरीवर बसलेल्यांच्या सोयीचा असतो. वाढण्याच्या दुसऱ्या अर्थाकडे, नारळाच्या अर्थाकडे, वळलेच पाहिजे. त्यासाठी याच परळातले उदाहरण घेतो.

१९०८ च्या जानेवारीत परळच्या कामगारवस्तीतला एक मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात जाऊ लागला. घर म्हणजे एक खोली. तीतच चूल, तीतच माणसे, तीतच सामान. मुलाने संध्याकाळी लवकर निजावे, वडिलांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागून त्याला अभ्यासाला उठवावे आणि मग आपण पाठ टेकावी, असा त्या घरातला परिपाठ. वडील सुभेदार रामजी सकपाळ, लष्करातून निवृत्त झालेले. मुलगा भीमराव आंबेडकर. कॉलेजात प्राध्यापक म्युलर त्याला पुस्तके देत, कपडेही देत; आणि त्याच कॉलेजच्या उपाहारगृहाचा चालक त्याला चहा तर राहोच, पाणीही देत नसे. एकाच आवारात दोन माणसे, आणि दोघांनी दिलेले दोन धडे.

अशा मुलाला आपण काय सांगणार? ज्या जगातून आलास त्याच्याशी एकनिष्ठ राहा, असे? ज्या व्यवस्थेने त्याच्यापुढचा पाण्याचा पेला काढून घेतला, तिच्याशी नाते मोडणे हाच त्याचा धर्म होता. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन करून त्यांनी ते जाहीरपणे मोडले. काही कवच्या फुटल्याशिवाय आतले खोबरे हाती येत नाही. ज्या मुलीच्या घरात ‘आता पुरे झाले शिक्षण’ असे म्हटले जाते, ज्या मुलाला जात विचारून बसायची जागा दाखवली जाते, त्यांच्या मोडण्याला उर्मटपणा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग माझा चाळीच्या कोपऱ्यावरून वळलेला मुलगा आणि हा मुलगा यांत फरक काय? दोघेही घरापासून दूर गेले. फरक मला असा दिसतो: एक दूर गेला, दुसरा दुरावला. दूर गेलेल्या माणसाला मागचे सगळे दिसत असते, किंबहुना अंतरामुळे अधिक नीट दिसते. दुरावलेल्याने मागे पाहणेच सोडलेले असते.

बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १९५६ साली, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत वडिलांशी झालेला एक वाद सांगितला आहे. रामजीबाबा मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. मुलाने विचारले, हे का? भीष्म, द्रोण, कृष्ण ही माणसे मला पटत नाहीत. वडिलांनी आपली बाजू मांडली: हे ग्रंथ वाचल्याने मनातला न्यूनगंड जातो, कर्णासारखी, वाल्मीकीसारखी माणसे केवढ्या उंचीला गेली ते पाहा. मुलाला त्या म्हणण्यात तथ्य दिसले. पण समाधान झाले नाही. हे सारे अनेक दशकांनी, जगभर नाव झाल्यावर, त्यांनी लिहून ठेवले. बापाचे म्हणणे त्यांनी नाकारले. पण बापाचे म्हणणे काय होते, ते पूर्ण आणि न्यायाने मांडले. मतभेद असावा तर असा. तुच्छता बाळगणाऱ्या माणसाला समोरच्याचे म्हणणे आठवतच नाही, कारण त्याने ते ऐकलेलेच नसते.

आणखी एक गोष्ट. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा अर्थशास्त्रीय ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांची नोंद तेथे केली. तोपर्यंत दोघेही या जगात नव्हते. बॅरिस्टर होऊन, लंडनची पदवी घेऊन हा माणूस राहायला आला तो परळच्या बी. आय. टी. चाळीतच; दादरच्या हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ पुढे झाले. आणि १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, म्हणजे आपल्या पानात जे पडले होते ते पुढच्या पंगतीला वाढायला घेतले.

येथे आपण तिसऱ्या अर्थापाशी आलो. कोणीतरी वाढते म्हणून कोणीतरी वाढतो. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा शाळकरी भीमराव ज्यांच्या नजरेस पडला, ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर शाळामास्तर आणि ग्रंथकार होते. त्यांनी त्याला पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे वडिलांचे हात टेकले तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

पण सर्वांचीच वाढप अशी नोंदली जात नाही. आमच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार एकटे राहत आणि जेवत ते खानावळवाल्या बायकांकडे. चुलीच्या धुरात दोन वेळा पंधरा-वीस माणसांचे रांधून या बायकांनी आपले संसार चालवले, मुले शिकवली, सावकाराचे व्याजही भरले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेचे कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या काळात कितीतरी घरांतली शिक्षणे अर्ध्यावर थांबली. जी थांबली नाहीत, त्यांतल्या पुष्कळांमागे अशीच एखादी चूल आणि वाढणारा हात होता. पदवीच्या कागदावर त्या हाताचे नाव नसते.

मात्र या ऋणाचा अर्थ आज्ञाधारकपणा असा लावू नये, आणि हे मी आईबापांना सांगतो आहे. ‘आम्ही एवढे केले, आता आमच्या मताने चाल’ हा हिशेब वाढपाचा नव्हे, सावकाराचा. खानावळीतल्या मावशीने जेवून उठणाऱ्याला कधी विचारले नाही, की आता तू कोणत्या रस्त्याने जाणार? उद्दालकाने मुलाला प्रश्न विचारला. रामजीबाबांनी मुलाचा प्रतिवाद ऐकून घेतला. कॉलेजचे पहिले वर्ष मुलाचे असते तसे आईबापांचेही असते. मूल नवे काही बोलू लागले की त्यांनाही थोडे वाढावे लागते, आणि चाळिशी-पन्नाशीत ते अधिक दुखते.

आणि मुलांना एवढेच सांगतो. तुमचे मत घरापेक्षा वेगळे झाले, तर घाबरू नका. ते व्हायलाच हवे. जे मोडण्यासारखे असेल ते मोडा. पण वडिलांचे ‘पानी’ दुरुस्त करण्याआधी एकदा स्वतःला दाबून पहा: गेल्या वर्षापेक्षा तुम्हाला अधिक माणसे दिसू लागली आहेत, की कमी? पूर्वी न दिसणारा आईचा थकवा, फाटकावर उभ्या असलेल्या माणसाचे दुखणारे पाय, वर्गात मागच्या बाकावर एकटाच बसणारा मुलगा, हे दिसू लागले असेल तर ती वाढ आहे. दिसेनासे झाले असेल, तर मग गुण कितीही पडोत, ते दुसरेच काही आहे.

आजवर तुम्ही पानावर बसत आलात. या दिवाळीत एकदा पंक्तीत उभे राहून पाहा. वाढायला घेतले म्हणजे कोणाच्या पानात काय कमी आहे, ते आपोआप दिसते.