कोंबडीशी खोटं बोलावं का?

आमच्या मागच्या अंगणात चार गावरान कोंबड्या आहेत. त्या येण्यापूर्वी तिथं हिरवळ होती, असं सांगितलं तर आता कुणालाही पटत नाही. कोंबडी गवत खाते एवढंच मला ठाऊक होतं. ती ते मुळासकट उकरते आणि झालेल्या खड्ड्यात पंख पसरून धुळीची आंघोळ करते, हे ज्ञान मला गवत संपल्यावर झालं.

मग मी बाजारातून प्लॅस्टिकची हिरवळ आणली. मापानं कापून पसरली आणि पाच मिनिटांत अंगण हिरवंगार! पाणी नको, खत नको, खुरपणं नको. सौ. दारात उभी होती.

"हे कुणासाठी?"

"कोंबड्यांसाठी."

"खोटं आहे म्हणून सांगितलंत का त्यांना?"

आता आली का पंचाईत? माणसाशी खोटं बोलणं पाप, निदान पकडलं गेल्यास. पण कोंबडीशी? देकार्त नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ सतराव्या शतकातच सांगून गेला आहे की जनावरं म्हणजे नुसती यंत्रं. यंत्राला कसलं खरं आणि कसलं खोटं? हा मुद्दा मी सौ.पुढे मांडला. तिनं देकार्तच्या घरी कोंबड्या होत्या का, एवढंच विचारलं.

तेवढ्यात तांबडी आली. मान तिरकी करून एका डोळ्यानं हिरवळ बघितली, चोच मारली, ओढली. काही आलं नाही. मग दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. तशा नजरेनं मला आजवर फक्त सासऱ्यांनी न्याहाळलं होतं, तेही लग्न ठरण्यापूर्वी.

पांढरी मात्र भोळी. ती टोचत राहिली. दुपारी पाहतो तो कापलेल्या कडेचा उसवलेला धागा तिच्या चोचीतून लोंबतोय, अर्धा आत. कोंबडीला दात नसतात. गिळलेलं आधी गळ्याजवळच्या पिशवीत साठतं, मग पुढं पोटातल्या खड्यांवर दळलं जातं. प्लॅस्टिक कुठलं दळायला! तिथंच अडकून बसायचं. मी तिला काखेत धरून धागा हळूहळू ओढला. तिचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं आणि देकार्त काही केल्या आठवत नव्हता. सुदैवानं धागा सबंध निघाला.

त्याच संध्याकाळी हिरवळ गुंडाळली. "खोटं ते खोटंच," मी बाणेदारपणे म्हणालो.

"मग खुराड्यात तुम्ही ठेवलेलं लाकडी अंडं?"

हे बाकी खरं. कोंबड्यांनी भलतीकडे अंडी घालू नयेत म्हणून ते ठेवलं होतं. मी पुष्कळ विचार केला. ते अंडं कोंबडीच्या पोटात जात नाही आणि तिला हवा असलेला आडोसा तिथं खरोखरच आहे, म्हणून ते राहू दिलं. पण हा युक्तिवाद सोयीचा आहे, हे मला कळतं. सौ.लाही कळतं.

आता घटस्थापनेला पेरतो तसे ट्रेमध्ये गहू पेरतो. आठ-नऊ दिवसांत वीतभर अंकुर येतात. अंगणातही लाकडी चौकटीवर जाळी ठोकून खाली गवत लावलंय. जाळीतून वर येईल तेवढं कोंबड्यांचं, मुळं माझी. रोज पाणी घालून कंबर मोडते, पण अंड्याचा बलक पुन्हा चांगला पिवळाधमक व्हायला लागलाय.

प्लॅस्टिकची हिरवळ फेकवली नाही, पैसे मोजले होते. ती पुढच्या गच्चीत माझ्या आरामखुर्चीखाली आहे. पाहुणे लांबूनच विचारतात, "वा! स्वतः लावलीत?"

मी हो म्हणतो.