कच्च्या रस्त्याचें सुख

सुखाची परीक्षा करावयाची तर तें आपणांस किती गोड लागतें एवढें विचारून भागत नाहीं. तें कोणाच्या जिवावर उभें आहे, हेंहि विचारावें लागतें. संपत्ति, अधिकार, चैन अशा मोठमोठ्या सुखांच्या बाबतींत नीतिशास्त्रज्ञांनीं हा प्रश्न पुष्कळ चर्चिला आहे. परंतु निरुपद्रवी म्हणून ज्यांचा हिशेब कोणी मागत नाहीं, अशीं लहान सुखें त्या चर्चेंतून सुटून जातात. अशाच एका लहान सुखाचा हिशेब आज आम्ही मांडणार आहों. आणि तें सुख आमचें स्वतःचें असल्यामुळें तो मांडतांना आमची जीभ थोडी अडखळली, तर वाचक क्षमा करतील.

हें सुख सायकलीचें आहे. पुण्यांत ज्यांचें शिक्षण झालें त्या आमच्या पिढीला सायकल नवी नाहीं. कॉलेज, मंडई, नाटकगृह, सर्वत्र आम्ही तिच्याच पाठीवरून गेलों. पुढें नोकरी, संसार आणि स्कूटर यांच्या गर्दींत ती सुटली, व पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानें पुन्हां हातीं आली. पण आली ती निराळ्या रूपानें. खडीच्या आणि मातीच्या वाटांसाठीं मुद्दाम घडविलेली 'ग्रॅव्हल' सायकल म्हणून एक जात अलीकडे निघाली आहे. तिचें हँडल शर्यतीच्या सायकलीसारखें बांकदार असतें. परंतु शर्यतीच्या सायकलीचा टायर जेथें 25 ते 28 मिलिमीटर रुंद, तेथें हिचा 40 च्या आसपास असतो. त्यांत हवा बेताची भरतात, म्हणून तो दगडावर आपटून उडत नाहीं, दगडाला कवटाळून पुढें सरकतो. पुष्कळ टायरांत ट्यूबच नसते. आंत एक पातळ द्रव असतो, आणि कांटा रुतला तर तोच भोंक बुजवितो. चढासाठीं गिअर इतके हलके कीं प्राध्यापकांचे गुडघेसुद्धां फारशी तक्रार करीत नाहींत.

अशी सायकल घेऊन पावसाळा सरल्यावर मुळशीच्या बाजूस जावें. पौड मागें पडलें, डांबरी सडक सोडून एखाद्या कच्च्या वाटेला लागलें, कीं पहिल्या अर्ध्या तासांतच शहर अंगावरून गळून पडतें. एका अंगास जलाशयाचें निळें पाणी, दुसऱ्या अंगास हिरडा, जांभूळ आणि अंजनीची झाडी. उतारावर पिंवळीं पडलेलीं भाताचीं खाचरें. मध्येंच एखादा ओढा वाट कापून गेलेला. डांबरी सडकेवर मन कोठेंहि भटकलें तरी चाक आपलें चालत राहतें. कच्च्या वाटेवर तसें चालत नाहीं. कोणता दगड पक्का, कोणता निसटता, वाळू कोठें चाक गिळील, हें क्षणोक्षणीं पाहावें लागतें, आणि या पाहण्यांत मनाच्या सर्व फिरकांड्या थांबतात. चित्ताच्या एकाग्रतेवर आम्ही तीस वर्षें व्याख्यानें दिलीं. ती प्रत्यक्ष कशी असते हें आम्हांस या वाटांनीं शिकविलें, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां एक मौज पाहा. आज आम्हां हौशी लोकांस वाईट रस्ते हवे आहेत. पण चांगल्या रस्त्यांसाठीं पहिली ओरड केली ती सायकलवाल्यांनींच. इंग्लंडांत 1886 सालीं सायकलस्वारांच्या संस्थांनीं रस्तेसुधारणेसाठीं एक मंडळ काढलें. अमेरिकेंत सायकलस्वारांचा जो संघ 1880 सालीं स्थापन झाला, त्यानें शेतकऱ्यांना चिखलांतून बाहेर काढणाऱ्या सडकांसाठीं वर्षानुवर्षें चळवळ चालविली. डनलपचा हवेचा टायर निघाला तो 1888 सालीं. त्याच्याहि आधींची ही गोष्ट. पुढें सडका झाल्या, त्यांवर मोटारी आल्या, आणि मोटारींच्या भयानें सायकलस्वार पुन्हां चिखलाकडे वळले. 1955 सालीं इंग्लंडांत खडबडीत वाटांच्या भक्तांची एक मंडळी स्थापन झाली. इटलींतील तोस्काना प्रांतांत पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखालीं जाऊं नयेत या हेतूनें 1997 पासून जुन्या सायकलींची एक फेरी निघूं लागली. अमेरिकेच्या कॅन्सस संस्थानांतील गवताळ टेकड्यांतून खडीच्या रस्त्यांवर 200 मैलांची शर्यत 2006 पासून भरूं लागली. आजोबांनीं जें मागितलें, तें नातवांना नकोसें झालें.

परंतु ही मौज आम्हांस मौज वाटेनाशी झाली, ती एका कार्तिकांतल्या रविवारीं.

आमच्याबरोबर आमचे एक तरुण सहकारी होते. ते गणित शिकवितात. जलाशयाच्या पलीकडील अंगास एका वाडीजवळ आम्ही थांबलों. ते हँडलावरच्या यंत्रांत नकाशा पाहत होते, आम्ही शिरस्त्राण काढून घाम पुशीत होतों. इतक्यांत डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक म्हातारा समोरून आला. त्यानें भारा खालीं टाकला, आमच्या त्या यंत्राकडे निरखून पाहिलें, आणि मोठ्या आशेनें विचारलें, "रस्त्याची मोजनी कराया आलाय जनू सायेब?"

आम्ही म्हटलें, "नाहीं बाबा, सहज फिरायला आलों."

"ह्या रस्त्यानं?" त्याच्या स्वरांत उपहास नव्हता. वाट चुकलेल्या पाहुण्याविषयीं वाटावी तशी त्याला आमची काळजी वाटली. "त्या अंगाला डांबरी हाये. तिकडनं जावा, तरास व्हनार न्हाई."

मग त्यानें घरांतून पाण्याचा तांब्या आणविला, आणि आम्ही पाणी पीत असतां मागल्या श्रावणांतली हकीकत सांगितली. सुनेचे दिवस भरले होते. पावसानें वाट वाहून गेलेली, जीप येईना. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनीं तिला डांबरी सडकेपर्यंत नेलें. "सून वाचली. प्वार ऱ्हायलं न्हाई." एवढेंच बोलून त्यानें भारा पुन्हां डोक्यावर घेतला.

त्या वाटेनें, ज्या वाटेनें ती झोळी गेली होती, आम्ही परतलों. खालीं नाक्यावर चहाच्या टपरींत कळलें कीं, तिचें डांबरीकरण मंजूर झालें आहे. आणि येथें आम्हांस जें कबूल करावयाचें आहे तें हेंच, कीं ती वार्ता ऐकतांच आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अरेरे!" म्हाताऱ्याचें पाणी आमच्या पोटांत होतें, त्याचा शोक आमच्या कानांत होता, आणि तरीहि आमचें मन प्रथम हळहळलें तें आमच्या रविवारासाठीं.

पुण्याकडे येतांना सहकारी म्हणाले, "सर, एवढें मनाला कां लावून घेतां? रस्ता आपण थोडाच अडविला आहे?" युक्तिवाद बरोबर आहे. आम्ही कोणताहि अर्ज केला नाहीं, कोणतेंहि काम रोखलें नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें आम्ही निर्दोष आहों. पण नीति केवळ कृतीचा निवाडा करून थांबत नाहीं. ती इच्छेलाहि साक्षीस बोलाविते. ज्याचें घर जळत आहे त्याच्या ज्वाळांच्या शोभेवर जो लुब्ध होतो, त्यानें आग लावली नसेलहि. तथापि त्याला शेजारी म्हणतां येणार नाहीं.

याहून बळकट असा दुसराहि एक युक्तिवाद आहे. डांबर आलें कीं त्याच्या मागोमाग जमिनींचे दलाल येतात. झाडी तुटते, डोंगर खोदले जातात, तारेचीं कुंपणें पडतात, आणि ज्या म्हाताऱ्यासाठीं रस्ता झाला त्याचीच जमीन हातची जाते. हें खोटें नाहीं. पण हा युक्तिवाद आमच्या तोंडीं शोभतो काय? 1844 सालीं इंग्लंडांतील सरोवरांच्या प्रदेशांत आगगाडी येणार असें ठरलें, तेव्हां वर्डस्वर्थसारख्या थोर कवीनें वृत्तपत्रांतून तिला विरोध केला. कामकरी लोकांच्या झुंडी तेथें एकाएकीं आणून सोडल्यानें त्यांना निसर्गसौंदर्याचा खरा लाभ व्हावयाचा नाहीं, असें त्याचें म्हणणें. निसर्गावरील त्याच्या प्रेमाविषयीं शंका नाहीं. तरी आज तीं पत्रें वाचतांना त्या प्रेमाला मालकीचा वास येतो. 1847 सालीं आगगाडी आली; आणि सौंदर्य कोणाला कळावें हें ठरविण्याचा अधिकार कवीकडे नाहीं, एवढें सिद्ध झालें.

मुळशीला तर हा प्रश्न अधिकच झोंबतो. ज्या निळ्या पाण्याच्या शोभेचें वर्णन आम्ही वर केलें, त्याखालीं गांवें आहेत. मुंबईला वीज मिळावी म्हणून हें धरण बांधलें गेलें, व 1921 पासून 1924 पर्यंत येथील मावळ्यांनीं त्याविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापति' झाले ते याच लढ्यांत. लढा हरला, खोरें बुडालें, आणि कांहीं कुटुंबें डोंगराच्या वरच्या अंगास सरकलीं. एकदां शहराच्या उजेडासाठीं या लोकांनीं जमीन दिली. आतां शहराच्या विरंगुळ्यासाठीं त्यांनीं चिखलहि सांभाळावा, असें आमच्या त्या 'अरेरे'नें सुचविलें होतें. खेड्यांना बारमाही रस्ते देण्याची सरकारी योजना 2000 सालीं निघाली, तेव्हां डोंगराळ प्रदेशांत 250 लोकवस्तीची अट होती. वीस घरांची वाडी त्या अटींत कशी बसणार? तिला वाट पाहणेंच भाग होतें.

मग श्रमाचें, खडतरतेचें जें मोल आम्ही गातों तें सर्व ढोंगच काय? तसेंहि आम्हांस वाटत नाहीं. आपल्या घरांतच याचा दाखला आहे. एकादशीचा उपवास आणि दुष्काळांतली उपासमार या दोहोंत पोट सारखेंच रिकामें असतें. पण एकींत पुण्य आहे, दुसरींत केवळ दुःख. उपवास करणाराला ठाऊक असतें कीं, उद्यां द्वादशी आहे व कोठीघरांत तांदूळ आहेत. आमची खडबडीत वाट हा उपवास आहे. त्या म्हाताऱ्याची तीच वाट ही उपासमार आहे. स्वतः होऊन पत्करलेलें कष्ट माणसाला घडवितें. लादलेलें कष्ट त्याला झिजवितें. म्हणून उपवास सोडण्याचें कारण नाहीं. मात्र उपवासाची गोडी लागली म्हणून शेजाऱ्याचें धान्य कुलपांत राहावें अशी जो इच्छा करील, त्याचा उपवास त्याच क्षणीं मोडला.

तोस्कानांतील पांढरे रस्ते राखावेत, ही हांक तेथील मातींत वाढलेल्या माणसांनीं दिली. कॅन्ससच्या खडीवरून तेथील शेतकऱ्याचा ट्रक बारमाही धांवतो. तेथील हौस कोणाच्या झोळीवरून जात नाहीं. आपल्याकडेहि कालव्यांचे कांठ आहेत, वनखात्याच्या वाटा आहेत, ओस पडलेले घाट आहेत. जेथें कोणाचें घर वाटेच्या टोकाशीं नाहीं, तेथें खडे शोधावेत. इतरत्र आपलें सुख उसनें आहे हें ओळखावें, आणि उसनें देणारानें परत मागतांच तें हंसतमुखानें परत करावें.

परवांच त्या वाडीकडे पुन्हां गेलों. खडीचे ढीग पडले होते, रोलर उभा होता, डांबराचा उग्र वास सुटला होता. म्हातारा बांधावर बसून काम पाहत होता. त्यानें आम्हांस ओळखलें आणि हात वर करून ओरडला, "आतां तरास न्हाई सायेब, कवाबी या!" जी वाट आम्हांस प्रिय होती ती त्याच्या मागें काळी होत चालली होती. हळहळ वाटली काय, असें कोणी विचारील. वाटली. पण या वेळीं ती दुसरी आली; पहिला आला तो आनंद. पन्नाशीनंतर माणसाची एवढी जरी सुधारणा झाली, तरी पुष्कळ झाली असें आम्ही समजतों.