बिनवजनाचा घोडा

"शेवटचं प्रकरण आणलंस?" दार उघडता उघडता मामाने विचारलं.

"नाही. तिथेच अडकलेय."

"मग चहा टाक. आधी मला दे, तुझ्या निरीक्षकाला नंतर."

मामा शीवला राहतो, किल्ल्याच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. त्याच्याकडे जायचं म्हणजे वळसा पडतो, म्हणून महिन्यातून एकदाच जाते आणि गेले की दिवसभर राहते. आयुष्यभर त्याने बँकेत नोकरी केली आणि मोसमातल्या सुट्टीच्या दिवशी रेसकोर्सवर टोटच्या खिडकीत बसून तिकिटं दिली. स्वतः घोड्यावर कधी रुपया लावला नाही. त्याचं व्यसन एकच, रहस्यकथा. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार, आणि नंतर किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून आणलेली डिक फ्रान्सिसची जुनी पुस्तकं. फ्रान्सिस आधी जॉकी होता, मग लेखक झाला. १९५६च्या ग्रँड नॅशनल शर्यतीत इंग्लंडच्या राजमातेचा घोडा डेव्हन लॉक त्याच्या हाताखाली होता. घोडा सगळ्यांच्या पुढे होता, शर्यत जिंकल्यातच जमा होती, आणि थोडंसंच अंतर उरलेलं असताना तो सपाट जमिनीवर पोटावर बसला. का, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. मामाच्या मते असा माणूस रहस्यकथाच लिहिणार, दुसरं काय करणार?

मी लिहितेय ती कादंबरी थोडक्यात अशी. गिरगावात एका फ्रेमवाल्याकडे कामाला असलेला एक पोरगा चित्रकार हुसेनचे घोडे हुबेहूब काढतो. हात बसावा म्हणून काढतो, सही करत नाही. सही भलताच कुणी ठोकतो आणि त्यातला एक घोडा शीवच्या एका कुटुंबात जातो. नवऱ्याने प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून तो घेतला. आता नवरा नाही, बाई ऐंशीच्या आहेत आणि घोडा अजून बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे. नातीच्या शिक्षणासाठी त्या तो विकायला काढतात. त्याच सुमारास एका खुनाचा माग काढत माझा निरीक्षक त्यांच्या दारात येतो. चित्र खोटं आहे हे त्याला कळलंय, बाईंना नाही. खून कुणी केला हे मला ठाऊक आहे, ते काम सोपं असतं. निरीक्षकाने बाईंना सांगावं की नाही, तेवढं सुचत नाही.

"खोट्या चित्रवाल्यांवर फ्रान्सिसनेच लिहिलंय की," मामा म्हणाला. "१९७६चं, 'इन द फ्रेम'. नायक घोड्यांची चित्रं काढणारा. मनिंग्ज या चित्रकाराची नकली चित्रं विकणारी टोळी, माग थेट ऑस्ट्रेलियात, मेलबर्न कपच्या दिवसांत."

"वाचलंय. पण त्याची टोळी खूनही करते. खोटं चित्र विकणारा खुनी निघाला की वाचकाला विचार करावा लागत नाही. माझ्या पोरग्याने माशीही मारलेली नाही. आणि बाईंचं तरी काय गेलं, सांग ना. चाळीस वर्षं रोज सकाळी त्यांनी तो घोडा बघितला. सुख झालं ते खोटं होतं का?"

"त्यांचं नाही गेलं. पुढच्या गिऱ्हाइकाचं जाईल."

"त्यालाही सुखच होईल."

"होईल, कुणी तपासून बघेपर्यंत. तुम्ही पोरं मामाचं पत्र खेळायचात ना? रुमाल ज्याच्या मागे पडतो त्याला पत्ता नसतो, आणि धपाटा त्यालाच बसतो. तुझा निरीक्षक गप्प बसला म्हणजे तो रुमाल टाकणाऱ्याच्या बाजूने खेळायला लागला."

मी म्हटलं, नुसत्या चित्राचा विचार केला तर खरं-खोटं ठरवायचं कशावर? लूव्हरमध्ये जेरिकोचं 'एप्समची डर्बी' आहे, १८२१चं. अस्सल, कुणाला शंका नाही. त्यातले घोडे पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणून हवेत तरंगतायत. पुढे १८७८मध्ये मायब्रिजने पळत्या घोड्याचे एकामागून एक फोटो काढले तेव्हा कळलं की चारही पाय उचललेले असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. म्हणजे अस्सल चित्रातला घोडा खोटा. माझ्या पोरग्याने फोटो बघून बरोबर पाय काढले तर नकली चित्रातला घोडा खरा.

मामा हसला. "जेरिको खोटं बोलला नाही. त्याला दिसलं तसं काढलं. रेसकोर्सवर इतकी वर्षं घोडे बघितलेत मी, समोरून निघून गेले की तसेच दिसतात. चुकणं वेगळं आणि फसवणं वेगळं." हे बोलून तो जरा थांबला, कपाकडे बघत राहिला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

"बरं, मग घोड्याचंच बोलू," मी म्हटलं. "१९८४, ब्रिस्बेन. फाइन कॉटन नावाचा सुमार घोडा पळायचा होता, त्याच्या जागी बोल्ड पर्सनॅलिटी नावाचा चांगला घोडा आणला. रंग जुळेना म्हणून त्याच्या अंगाला केसांचा कलप लावला, पायावरचे पांढरे पट्टे रंगाने काढले. घोडा जिंकला, पण पायावरचा रंग ओघळायला लागला आणि लोक ओरडायला लागले. कॉनन डॉइलने हेच १८९२मध्ये उलटं लिहिलेलं, 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये. तिथे चांगल्या घोड्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा रंगवून लपवलाय. दोन्हीकडे घोडा खोटा नाही. ब्रिस्बेनला जो पहिला आला तो खरोखर पहिला आला, पाय त्याचेच होते. खोटं होतं ते फक्त नाव. चित्राचंही तेच. रेघ चांगली असेल तर ती चांगलीच आहे, खोटं आहे ते कोपऱ्यातलं नाव. मग एवढ्याशा नावासाठी एवढा गहजब कशाला?"

"तू सबंध कादंबरी घोड्यावर लिहिलीस आणि हँडिकॅप म्हणजे काय ते कुठेच सांगितलं नाहीस," मामा म्हणाला.

आणि मग तो खुर्चीत पुढे सरकून बसला. हे मामाचं खास. त्याला सांगायचं असतं तेव्हा गुडघेही दुखत नाहीत.

"हँडिकॅपच्या रेसमध्ये जो घोडा चांगला त्याच्यावर वजन जास्त. एकावर साठ किलो, दुसऱ्यावर पन्नास. जॉकी हलका पडला तर खोगिरापाशी शिशाच्या पट्ट्या घालतात. पळून आले की पुन्हा काट्यावर बसायचं, पट्टी कुठे पडली तर नाही ना बघायला. आता हे वजन ठरतं कशावर? तो आजपर्यंत काय पळला त्यावर. नाव म्हणजे दुसरं काही नाही, मागचा हिशोब. म्हणून तर पुण्याच्या स्टड बुकात शिंगरू जन्मलं की आईबाप लिहायचे, रक्ताची चाचणी, मानेत चिप. तुझा तो बोल्ड पर्सनॅलिटी पळाला खरा, पण दुसऱ्याच्या हिशोबावर. त्याच्या पाठीवर त्याचं स्वतःचं वजन नव्हतं."

"आणि माझा पोरगा?"

"तोही बिनवजनाचाच. हुसेन पंढरपुरात जन्मला, मुंबईत येऊन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचा. पुढे चीनला गेला, तिथले जुने मातीचे घोडे बघून आला. इकडे लहानपणी मोहरममधला दुलदुल बघितलेला. ते सगळं एकत्र करून पहिल्यांदा तसला मान मोडलेला घोडा काढला तेव्हा तो कुणी घेईल की नाही, हसतील की काय, काही ठाऊक नव्हतं. ते वजन. तुझा पोरगा काढतो तेव्हा त्या रेघेला गिऱ्हाईक आहे हे आधीच ठरलेलं आहे. रेघ तीच असेल, जास्त सफाईदारही असेल. शिसं नाहीये त्यात."

हे मला आवडलं, आणि आवडलं म्हणून लगेच पटवून घ्यायचं नाही असं ठरवलं.

"मग हुसेनचंच घे. पुढे शेकड्यांनी घोडे काढले त्याने. सही आधी विकली जायची आणि घोडा मागून यायचा. तेव्हा त्याच्या पाठीवर कुठलं शिसं होतं? तुझ्या हिशोबाने तेही घोडे बिनवजनाचेच."

मामा गप्प. खाली कुणीतरी रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडत होतं, ते संपेपर्यंत गप्प.

"ती पेन्शन म्हण," शेवटी तो म्हणाला. "तिशीत ओझं वाहिलं, साठीत पेन्शन घेतली. त्यात गैर काही नाही. दुसऱ्याची पेन्शन उचलली तर मात्र बँकेत आम्ही पोलिसात द्यायचो."

"आणि कलम चारशेवीस."

"चारशेवीस गेलं आता. नव्या कायद्यात तीनशे अठरा झालं. पण 'तो माणूस तीनशे अठरा आहे' असं कोण म्हणणार?"

पोरग्याचा दोष किती, यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. आजीच्या देवघरातली लक्ष्मी रविवर्म्याच्या छापखान्याची होती. १८९४पासून त्या छापखान्याने देव घरोघर नेले आणि त्याला कुणी नकली म्हटलं नाही, कारण छापील आहे हे कुणी लपवलं नव्हतं. पोरग्याने सही केली नाही, इथवर तो छापखान्याच्या बाजूला. पण सही नसलेला घोडा फ्रेमवाला तिप्पट पैसे देऊन का नेतो, हे त्याने विचारलं नाही. मामाचं म्हणणं, न विचारणं हीच त्याची सही. मला ते जरा जास्त गोळीबंद वाटलं, कादंबरीत घालणार नाही.

बाईंचा प्रश्न तसाच होता. मी रझांचं सांगितलं. २००९च्या जानेवारीत दिल्लीतल्या एका गॅलरीत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. सय्यद हैदर रझा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे, फ्रान्समध्ये राहणारे. उद्घाटनाला म्हणून ते आले, भिंतीवरची चित्रं एकेक करून बघत गेले आणि म्हणाले, ही माझी नाहीत. प्रदर्शन गुंडाळावं लागलं. आपल्याच जे. जे.त शिकलेला, हुसेनबरोबर १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये असलेला माणूस, आयुष्याच्या अखेरीला आपल्याच नावाने भरलेल्या खोलीत उभा आणि त्यातलं आपलं काय ते शोधतोय.

"तो हयात होता म्हणून बोलू शकला," मामा म्हणाला.

"हुसेन २०११ला गेला. माझ्या बाईंच्या घरात येऊन बोलणारं कुणी नाही. एक निरीक्षक तेवढा आहे. आणि नुसत्या चित्राचा प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, सांगून टाक. हुसेनचं 'ग्रामयात्रा' २०२५च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला एकशे अठरा कोटींना गेलं, हे बाईंनी टीव्हीवर बघितलंय. त्यांनी नातीला सांगून ठेवलंय, तुझी काळजी आजोबांनी भिंतीवर टांगून ठेवलीय म्हणून. चित्र खोटं ठरलं की आजोबाही खोटे ठरणार. फसलेला माणूस, एवढंच उरणार त्यांचं. ते मी कसं लिहू?"

मामाने कप खाली ठेवला.

"एक सांगतो. कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मामीलाही नाही."

मी वही मिटली.

"खिडकीत होतो. रेस सुटायला दोन-तीन मिनिटं, मागे ही रांग. एक माणूस यायचा नेहमी, गिरणीतला असावा, हात तसे होते. म्हणाला, सहा नंबर, विन. माझं बोट नऊवर पडलं. त्याने तिकीट न बघताच खिशात घातलं. इतकी वर्षं माझ्या खिडकीवर येत होता, बघायचा नाही कधी. तो वळला आणि माझ्या लक्षात आलं. हाक मारायची म्हणजे ते तिकीट माझ्या अंगावर, पैसे माझ्या खिशातून. दहा रुपये. तेव्हा दहा रुपये म्हणजे दहा रुपये होते. शिवाय रांग ओरडत होती. मी पुढच्याचं घेतलं."

"आणि?"

"नऊ आला. सहा कुठेच नाही. तो माझ्या समोरून खाली मान घालून गेला, हात मोकळे. तिकीट टाकून दिलेलं. अजून सांगता आलं असतं, बाबा रे, शोध ते. पण मग विचारलं असतं, तुला आधीपासून ठाऊक होतं? मी गप्प. सगळे गेल्यावर अर्धा तास वाकून कागद चाळले. तिथे तिकिटांचा नुसता खच असतो, पाऊल बुडतं. नाही सापडलं. फेकलेली तिकिटं चाळत फिरणारी माणसं असतातच, त्यातल्या कुणाला तरी मिळालं असेल."

"म्हणजे तुझं म्हणणं, निरीक्षकाने सांगावं."

"माझं काही म्हणणं नाही. ज्याने सांगितलं नाही त्याने दुसऱ्याला सांग म्हणू नये. तू विचारलंस ना, बाईंचं काय गेलं? त्या माणसाचंही काही गेलं नव्हतं तसं. त्याच्या हिशोबाने तो हरला आणि घरी गेला. सहा हरणारच होता. फक्त दुनियेत एक गोष्ट होती, त्याची, आणि ती त्याला सोडून मला ठाऊक होती. तुझा निरीक्षक दार वाजवेल तेव्हा त्याच्या हातात तसली गोष्ट असेल. चित्राचं खरं-खोटं बाजूला ठेव. एकाच खोलीत दोन माणसं बसलीयत, आणि बाईंच्या घरातलं बाईंपेक्षा त्याला जास्त माहीत आहे. तेवढं लिहिता आलं तर बघ."

मी विचारलं, "तो माणूस परत आला कधी?"

"पुढच्याच रविवारी. माझ्याच खिडकीवर. म्हणाला, साहेब, आज सहा नको, सहाने बुडवला, नऊ द्या."

"मग?"

"नऊच दिला. बोटाकडे दोनदा बघून दिला. शेवटून दुसरा आला."