सवलत कुणाला, शिक्का कुणाला

महागड्या शाळेतल्या मुलाच्या दप्तरात व्हेप सापडली, तर समुपदेशक पालकांना धीर देतात, "स्वतःला शोधतोय तो. या वयात असे प्रयोग होतातच." पालिकेच्या शाळेतल्या मुलाच्या खिशात गुटख्याची पुडी निघाली, तर तो त्याच दिवशी 'व्यसनी' ठरतो. वय दोघांचंही पंधरा. किशोरवयातल्या ओळखीच्या शोधाचा सिद्धांत एकाच्या मदतीला धावतो, दुसऱ्याच्या हातावर शाळेचा दाखला ठेवला जातो.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉलने 1904 मध्ये या वयाला वादळ म्हटलं, मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीडने 1928 मध्ये सामोआचा दाखला देऊन ते खोडलं, हे जुनंच. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन मात्र आपल्याला 'आयडेंटिटी क्रायसिस'पुरताच, म्हणजे ओळखीच्या पेचापुरताच, ठाऊक असतो. त्याचा खरा भर होता 'मोरेटोरियम'वर, म्हणजे मोठेपणाच्या जबाबदाऱ्या काही काळ लांबणीवर टाकण्याच्या मुभेवर. ही मुभा समाज देतो: कुणाला उमेदवारीतून, कुणाला शिक्षणातून. एरिक्सन स्वतः विशीत चित्रं काढत युरोपभर भटकला आणि तरीही व्हिएन्नातल्या एका शाळेने त्याला मुलांना शिकवायला बोलावलं.

1966 मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शियाने कॉलेजातल्या तरुणांच्या मुलाखती घेऊन चार गट पाडले. पर्याय धुंडाळले का आणि कशाला बांधून घेतलं का, या त्याच्या दोन कसोट्या. विषय व्यवसाय, धर्म आणि राजकारण. मोरेटोरियम हा त्यातला एक गट झाला. पाठ्यपुस्तकं याला एरिक्सनच्या पुढचं पाऊल मानतात. मला यात पाऊल मागे पडलेलं दिसतं. समाजाने द्यायची मुभा इथे एकट्या मुलाच्या मनाची अवस्था बनली. अवस्था मुलाखतीत तपासता येते, पण मुभा कुणाला मिळाली आणि कुणाला नाकारली, हा प्रश्नच गळून पडला. शिवाय मार्शियाच्या 'धुंडाळण्या'त सिगारेट-दारू कुठेच नव्हती. पुढच्या काही अभ्यासांत नशा जास्त आढळली ती कशाचाच शोध न घेणाऱ्या, कशातच न गुंतलेल्या मुलांमध्ये. तेव्हा व्हेपला 'शोध' म्हणण्याला आधार तुटपुंजाच.

एरिक्सनचा एक इशाराही असाच विसरला गेला. चांगली ओळख हाती लागेना, की मूल लोकांनी त्याज्य ठरवलेली ओळख पत्करतं. कुणीच नसण्यापेक्षा वाईट असणं त्याला बरं वाटतं. 'व्यसनी' हा शिक्का मारणारे शिक्षक ही ओळख त्याला फुकट देऊन टाकतात.

2015 च्या बालन्याय कायद्याला हे कळलं आहे. मुलांबाबत कलंक लावणारी भाषा नको, असं तो सांगतो, आणि कलम 77 नुसार मुलाच्या हाती तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. मुख्याध्यापकांनी मुलाच्या दाखल्यावर सही करण्याआधी फाटकाबाहेरच्या टपरीविरुद्ध तक्रार नोंदवावी.