राय आणि मत

मराठीत 'मत' हा एकच शब्द दोन कामे करतो. मनात असते तेही मत आणि पेटीत पडते तेही मत. उर्दूत राय निराळी, वोट निराळा. त्यामुळे उर्दू माध्यमाच्या वर्गात मराठीचा तास घेताना या शब्दापाशी थांबावेच लागते. राय रोज बदलता येते, वोट एकदा दिला की परत घेता येत नाही. मग निवडणुकीच्या तोंडावर ज्याची राय बदलली, त्याला काय म्हणावे? आपल्या मोहल्ल्यात त्याला 'बेपेंदी का लोटा' म्हणून लोक मोकळे होतात. आम्हांला हे इतके सोपे वाटत नाही.

अमेरिकेतली २००८ ची निवडणूक या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. २९ ऑगस्टला ओहायोतील डेटन येथे जॉन मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांचे नाव जाहीर केले. मॅकेन यांना त्याच दिवशी ७२ वर्षे पूर्ण झाली होती. पेलिन ४४ वर्षांच्या. अलास्काच्या गव्हर्नर होऊन त्यांना दोन वर्षेही झाली नव्हती, त्याआधी त्या वसिला या लहान गावाच्या नगराध्यक्ष होत्या. ३ सप्टेंबरला पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी भाषण केले आणि सभागृह डोक्यावर घेतले. लहान गावातल्या अनेक मतदारांना वाटले, ही बाई आपल्यातली आहे. असे वाटण्यात काहीही गैर नव्हते. जून महिन्यात नवा विद्यार्थी वर्गात येतो, धिटाईने बोलतो, तेव्हा आम्हा शिक्षकांचीही त्याच्याविषयी राय बनतेच की!

पण सप्टेंबरच्या अखेरीस केटी कौरिक यांनी दूरदर्शनवरच्या मुलाखतीत त्यांना विचारले, तुम्ही कोणती वर्तमानपत्रे, मासिके वाचता? पेलिन यांना एकही नाव सांगता आले नाही, सगळीच वाचते अशा अर्थाचे त्या बोलत राहिल्या. तोंडी परीक्षा घेणाऱ्या कोणालाही हे उत्तर ओळखीचे आहे. 'मालूम नहीं' म्हणणाऱ्या मुलाला शिकवता येते. ज्याला 'सगळे येते', त्याला कुठून सुरुवात करून शिकवायचे?

कोणी म्हणेल, उपाध्यक्ष तर दुय्यम पद, एवढी चिकित्सा कशाला? आपल्याकडे उपराष्ट्रपती संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य निवडतात, त्यामुळे सामान्य मतदारावर हा प्रसंगच येत नाही. अमेरिकेत मात्र अध्यक्षाचा मृत्यू झाल्याने किंवा त्याने राजीनामा दिल्याने आजवर नऊ उपाध्यक्षांना त्याच्या जागी बसावे लागले आहे. मॅकेन यांचे वय पाहता मतदाराने विचार करणे भागच होते.

तरीही सगळ्यांची राय एकाच कारणाने बदलली नाही, आणि नैतिक प्रश्न इथेच आहे. टीना फे या विनोदी अभिनेत्रीने पेलिन यांची हुबेहूब नक्कल सुरू केली होती. 'माझ्या घरातून रशिया दिसतो' हे वाक्य त्या नकलेतले. पेलिन प्रत्यक्षात एवढेच म्हणाल्या होत्या की अलास्कातल्या एका बेटावरून रशियाची भूमी दिसते, आणि ते खरेही आहे. पण लोकांच्या ध्यानात नक्कल राहिली आणि ती त्यांच्या नावावर जमा झाली. कित्येकांनी तेवढ्यावरून त्यांना मोडीत काढले. बोलण्याच्या ढंगावरून हसणाऱ्यांचे हसू कसे असते, हे उर्दू माध्यमातून शिकून सरकारी कचेरीत मराठी बोलायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना कोणी सांगायला नको. हशामुळे बदललेली राय तहकीक करून बदललेली नसते, ती फक्त गर्दीबरोबर सरकलेली असते.

याउलट कॉलिन पॉवेल. हे रिपब्लिकन पक्षाचे, बुश यांचे परराष्ट्रमंत्री, मॅकेन यांचे जुने स्नेही. १९ ऑक्टोबरला त्यांनी दूरदर्शनवर सांगितले की पेलिन आदराला पात्र आहेत, परंतु सुमारे सात आठवडे त्यांना पाहिल्यानंतर त्या अध्यक्ष होण्यास तयार आहेत असे मला वाटत नाही. त्यांनी ओबामांना पाठिंबा दिला. कारणे इतरही होती, पण या कारणाची रीत पाहावी. आधी आदर, मग मुदत, मग निष्कर्ष, आणि थट्टा कुठेच नाही. २००३ साली याच पॉवेल यांनी राष्ट्रसंघात इराकविरुद्ध साक्ष दिली होती. ती पोकळ निघाली आणि आपल्या कारकिर्दीवरचा तो डाग आहे असे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले. कच्च्या पुराव्यावर गवाही दिली तर काय होते, हे त्यांना चांगलेच ठाऊक असणार.

त्याच मुलाखतीत ते आणखी एक बोलले. ओबामा मुस्लिम असल्याची कुजबूज तेव्हा जोरात होती. ओबामा ख्रिस्ती आहेत हे सांगून पॉवेल यांनी विचारले, आणि असते मुस्लिम, तर त्यात गैर काय? इराकमध्ये मारल्या गेलेल्या वीस वर्षांच्या एका अमेरिकन मुस्लिम सैनिकाची आई कबरीच्या दगडाला मस्तक टेकून बसल्याचे छायाचित्र त्यांनी सांगितले. दगडावर चंद्रकोर आणि तारा कोरलेला होता. हे ऐकून आपले मन भरून येते. मात्र नेमके इथेच सावध असावे. आपल्या मनातले बोलणाऱ्या माणसाची पेलिन यांच्याबद्दलची रायही आपोआप खरी वाटू लागते, आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही. पेलिन यांना पारखायचे तर त्यांच्याच उत्तरांवरून पारखले पाहिजे.

४ नोव्हेंबरला मॅकेन-पेलिन हरले, तरी त्यांना सुमारे सहा कोटी मते पडली. पेलिन यांच्याविषयी राय बदललेले लोक त्या सहा कोटींतही असणारच. मतपत्रिकेवर दोन्ही नावे जोडीने होती. मॅकेन हवेत, पेलिन नकोत, असे लिहायला तिथे जागा नव्हती.