तिचा प्रश्न

आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा १९८५ सालचा माहितीपट. मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जातात आणि माणसं त्या पुन्हा उभ्या करतात, त्याची ही कहाणी. फिल्म सोसायटीच्या लहानशा सभागृहात तो पाहताना एका प्रसंगाने मी हादरलो. बेघर झालेली एक बाई चिडून थेट चित्रीकरण करणाऱ्यांनाच जाब विचारते, की गरिबांचे फोटो काढून आमचं काय भलं होणार? पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही. माझ्या मते या चित्रपटाचं मोठेपण तिथेच आहे, कारण खुर्चीत बसून पाहणाऱ्यालाही तो जाब द्यावा लागतो.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पदपथावरच्या झोपड्या हटवण्याची मुभा मात्र कायम राहिली. हे शहर ज्यांच्या हातांनी बांधलं गेलं, त्यांचाच निवारा बेकायदा ठरत होता.

आपल्या गावात असा माहितीपट दाखवला जाणार असेल, तर जरूर जा. दिवे लागल्यावर चर्चेला थांबा. आणि शेजारच्या वस्तीत पाणी येतं का, हे स्वतः जाऊन विचारा.